देवाकडं पाठ

शनिवारची तिन्हीसांज होती. हौसा सोप्यात अडकित्ता घेऊन सुक्या खोबऱ्याचे तुकडे करत बसली होती, आणि मी उंबऱ्यावर बसून गल्लीकडं बघत होतो. दुसऱ्या दिवशी आमचं जोतिबाच्या डोंगरावर जायचं ठरलेलं. देवावर गुलालाबरोबर खोबरं उधळायचं असतं, त्याची ही तयारी. शेजारी तिनं ट्रंकेतनं काढलेली लुगडी ठेवली होती.

"अवं, उद्या कुठलं नेसू?"

"कुठलंबी नेस."

"न बघताच?"

"दोन्ही चांगली हायती."

"दोन हायती हे कसं कळलं?"

"मगा तूच म्हणालीस की, हे का ते."

"बरं. मग रंग सांगा बघू."

एक अनोळखी माणूस समोरच्या भिंतीला सायकल टेकवून, कुलूप न लावता चालला होता. माझं सगळं ध्यान तिकडं. हौसानं खोबऱ्याचा एक तुकडा नेम धरून माझ्या पाठीवर हाणला. मी मागं हात करून तो चाचपडत उचलला, तोंडात टाकला आणि सायकलीकडं बघत राहिलो.

हौसा म्हणजे माझी बायको. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे हे. तिनं खोबरं फोडलं, मी खाल्लं.

दिवाळी अंकवाले म्हणाले, हवालदार, पोलीस खात्यातनं रिटायर झाल्यावर कसं काय जमवून घेतलं ते लिहा. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. जन्मभर पंचनामे लिहिले. त्यात 'सदरहू' आणि 'समक्ष' पेरलं की काम भागायचं. इथं ते चालणार नाही म्हणतात, तर बोलतो तसं लिहितो. रडगाणं मात्र लिहिणार नाही. हौसाला रडकी माणसं आवडायची नाहीत. मयताच्या घरी गेली तरी रडणाऱ्या बाईला ती आधी चहा पाजायची आणि मग म्हणायची, "हं, आता रड."

लोकांना वाटतं, पोलीस म्हणजे चोराच्या मागं पळणारा माणूस. पळालो असेन थोडाफार. पण खरी नोकरी झाली ती उभं राहून. तिला बंदोबस्त म्हणतात. बंदोबस्तात कसं उभं राहायचं, तर लोक जे बघायला आलेत त्याच्याकडं पाठ करून. मिरवणूक असो, मंत्री असो, कुस्तीचा फड असो, पोलिसानं तिकडं बघायचं नाही. त्यानं बघणाऱ्यांकडं बघायचं.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचं वेड किती, ते मी काय सांगू. पेठेतल्या दोन तालमींच्या संघांची मॅच असली की त्या दिवशी सख्खे साडू एका ताटाला बसत नाहीत. असल्या मॅचना मी सगळ्यांच्या पुढं, पार मैदानाच्या रेषेवर उभा असायचो. आणि सगळ्या नोकरीत एक गोल बघितला नाही. गोल झाला हे समोरच्या तोंडांवरनं कळायचं, आणि कुणी मारला ते शिव्यांवरनं. गल्लीतली पोरं विचारायची, "मामा, गोल कसा हुता वं?" मी सांगायचो, "खालच्या पायरीवरच्या टकल्याचं पान तोंडातनं गळून शर्टावर पडलं, तसा हुता."

जोतिबाच्या चैत्री यात्रेत तर विचारू नका. लाखानं माणूस, देवापुढं नाचवायच्या उंच उंच सासनकाठ्या, सगळा डोंगर गुलालानं लाल, आणि "चांगभलं" असं कुणी ओरडलं की अंगावर काटा. सगळ्या जगाचं तोंड देवाकडं. देवाकडं पाठ करून तिथं दोघंच उभे असतात, एक पोलीस आणि दुसरा पाकीटमार.

त्यामुळंच तर आम्हाला तो सापडतो. नव्या पोरांना मी हेच शिकवायचो. तोंडं बघू नको, डोळे बघ. पालखी आली की सगळ्या गर्दीचे डोळे वर जातात. ज्याचे खाली जातात, लोकांच्या कमरेकडं, खिशाकडं, तो आपला.

असाच मला दौलू सापडला. काटकुळा माणूस, बोटं अशी लांब की सनई वाजवणाऱ्याला हेवा वाटावा. पहिल्यांदा धरला तेव्हा म्हणाला, "हवालदारसाब, एवढ्या गर्दीत तुमी माझ्याकडंच कसं बघितलं?" मी म्हणालो, "तू माझ्याकडं बघितलंस म्हणून." पुढं आमचं नातंच जुळलं. यात्रा आली की खबरदारी म्हणून अशा मंडळींना आधीच आणून चौकीत बसवायची पद्धत असते. दौलूला मी दर साली आणायचो. तो चौकीत बसून सगळ्या बंदोबस्ताचा चहा करायचा, आणि चहा असा करायचा की फौजदारसाहेब विचारायचे, "दौलू आला का न्हाय अजून?" एका साली आम्ही गडबडीत विसरलो, तर हा आपणहून वळकटी घेऊन चौकीच्या दारात. "तुमी आला न्हाईसा, म्हटलं आपणच जावं. उगंच कुणाचं पाकीट गेलं तर नाव माझं यायचं."

पुढं त्याची बोटं आखडली. संधिवात. माझ्या आधीच तो रिटायर झाला म्हणा की. देवळाच्या वाटेवर त्यानं गुलाल-खोबऱ्याचं दुकान टाकलं आणि बाजूला चहाचा स्टोव्ह.

अशाच एका यात्रेत एक पावणं धापा टाकत चौकीत आलं. बायको हरवली. मी लिहून घ्यायला बसलो. वय? "असंल की, माझ्याबरूबरच." उंची? "माझ्याएवढीच." रंग? "माझ्यासारखाच." मी म्हणालो, "अहो, मग तुम्हालाच माइकवरनं पुकारू का? लुगडं कुठल्या रंगाचं हाय ते तरी सांगा." पावणं बसलं डोकं खाजवत. शेवटी म्हणालं, "पुकारा तुमी, ती माझा आवाज वळखती." ती बाई चौकीतच मागं, दौलूच्या चहाजवळ बसली होती, नवरा हरवला म्हणून सांगायला आली होती. तिनं मात्र त्याच्या टोपीवरच्या डागापासून पायातल्या अंगठा तुटलेल्या चपलेपर्यंत सगळं दौलूला सांगितलं होतं.

घरी येऊन ही गंमत मी हौसाला सांगितली. उंबऱ्यावर बसून, अर्थातच. पोटभर हसलो. हौसा हसली नाही. पाठीमागनं म्हणाली, "आता तुमी सांगा. आज मी कुठलं नेसलोय?"

आमच्याकडं बायका असंच बोलतात, नेसलोय, आलोय, गेलतो.

मी वळून बघणार, एवढ्यात म्हणाली, "वळायचं न्हाय. तसंच सांगा."



तर रिटायर झालो. क्वार्टर सोडून शिवाजी पेठेत दोन खोल्या घेतल्या. पहिले काही दिवस लोक विचारायचे, "आता काय, आराम?" आराम कशाशी खातात ते कुणाला ठाऊक? सकाळी उठून मी पट्ट्याचं बक्कल घासायचो. पट्टा खात्यात जमा झालेला, बक्कल तेवढं जुनं घरात राहिलेलं. ते घासून झालं की गल्लीच्या तोंडाला जाऊन उभा. रिक्षावाल्याला हात करायचा, दूधवाल्याची सायकल बाजूला घ्यायला लावायची. पहिल्या आठवड्यात लोकांनी ऐकलं. नंतर दूधवाला म्हणाला, "मामा, तुमी इथं उभं राहिल्यापास्नं गल्ली तुंबायलीया."

मग घरात बसलो, तर पाहुण्यांचे हाल. हौसाचा मावसभाऊ आला. मी म्हणालो, बसा. कुठनं आला? किती वाजता निघाला? सोबत कोण हुतं? मग ते का आलं न्हाय? त्याचा चहा हातातच गार झाला. हौसा आतनं ओरडली, "अवं, पावणं हायती ते, आरोपी न्हवंत!" त्यानंतर तो मावसभाऊ आला की आधी खिडकीतनं बघायचा, मी घरात आहे का.

हौसानं एवढं सगळं सोसलं. तिचं मागणं एकच होतं. लग्न झाल्यावर आम्ही जोडीनं जोतिबाला गेलतो, नवरा-नवरीनं जायचं असतं तसं. तेव्हा मी लाजत होतो, सगळं दर्शन खाली मान घालून झालं. मग भरती झालो. त्यानंतर डोंगरावर गेलो तो पोलिसाच्या डगल्यातच, बंदोबस्ताला. ती म्हणायची, "तुमच्यासंगं देवापुढं एकदा हुबं ऱ्हायचं हाय. शेजारी हुबं रावा आणि तोंड तिकडं करा. एवढं जमंल का न्हाय?"

मी म्हणालो, त्यात काय. जाऊया की रविवारी.

गेलो. रांगेत दोघं उभे, हौसाच्या हातात नारळ. गाभाऱ्याच्या दारात पोचलो, आणि मागनं गर्दी रेटली. झालं. माझं अंग आपोआप फिरलं. दोन्ही हात आडवे करून मी ओरडलो, "ढकलायचं न्हाय! बायका हायती पुढं! एक-एक जण!" आणि सगळी रांग सुतासारखी सरळ. मला बरं वाटलं. मागनं पुजारी म्हणतोय, "पावणं, देव हिकडं हाय." मी म्हणालो, "ठावं हाय मला." त्यानं गुलाल टाकला तो सगळा माझ्या पाठीवर. घरी आलो तर कपाळ कोरं आणि सदरा मागनं लालभडक. हौसा तो सदरा धुताना म्हणाली, "देवानं तुमच्या पाठीला वळखलं बघा. तोंड त्यानं कधी बघितलंच न्हाय."

दुसऱ्यांदा गेलो ते मनाशी पक्कं करून. मान वळवायची नाही म्हणजे नाही. पण रांगेत एक माणूस. सगळ्यांचे डोळे कळसाकडं, याचे खाली, पायात, कमरेकडं, इकडं-तिकडं. मी किती वेळ दम धरला ते देवाला ठाऊक. शेवटी झडप घालून मनगट धरलं. तो काहीतरी बोलायला लागला, पण काय ते कळेना. मराठीही नाही आणि कानडीही नाही. बरोबरची बाई ओरडत आली तेव्हा उलगडा झाला. सीमेकडचे भले लोक, आणि "चांगभलं" म्हणताना त्या पावण्यांची कवळी तोंडातनं निसटून गुलालात पडली होती. कवळीच हुडकत होते ते. मग काय, मी, ती बाई आणि चार लोक, सगळे गुडघ्यावर. कवळी सापडली, लालभडक. तोवर हौसा एकटीच दर्शन घेऊन बाहेर आली होती. नारळ हातात घेऊन पायरीवर उभी. काही बोलली नाही. तीच मला भीती. हौसा बोलली नाही की समजायचं, लागलंय.

मी तिला दौलूच्या दुकानात चहाला नेलं. दौलूनं स्टूल पुसून दिलं. "वैनी, गप का?"

मग तिचा बांध फुटला. सगळं सांगितलं त्याला. पाठीवरचा गुलाल, कवळी, सगळं. मला वाटलं हा हसेल. दौलू हसला नाही. स्टोव्हला पंप मारत म्हणाला, "वैनी, ह्येंचा दोष न्हाय. माझंबी तसंच हाय. बोटं वाकंनात, धंदा सुटला, पर गर्दी बघितली की डोळं खालीच जात्यात. दुकानातनं देवाचा कळस दिसतोय, मी अजून धड बघितला न्हाय."

"मग करायचं काय?" हौसा म्हणाली.

"त्येंला काळजी कशाची हाय? आपण फिरलो तर मागं कोण बघणार, ही. व्हय का न्हाय, हवालदारसाब? तर मागं मी हुबा ऱ्हातो. तुमी देवाकडं बघा, मी गर्दीकडं बघतो. माझ्या नजरंतनं खिसेकापू सुटंल व्हय?"

मी म्हणालो, "आणि तुझ्याकडं कोण बघणार?"

"पाकीट वैनीकडं द्या आणि मग फिरा."

हौसा एवढी हसली की चहा सांडला. "पोलिसाचा बंदोबस्त दौलूभावजी करणार! ठरलं. फुडल्या रविवारी." परत येताना बसमध्ये पंचगंगेचा पूल येईपर्यंत तिचं हसणं चाललं होतं.

त्या पुढल्या रविवारची तयारी म्हणजे शनिवारचं ते खोबरं.

हे वाचून माझी कीव करू नका. मी बरा आहे. दोन वेळचं करून खातो, भाकरी अजून नकाशासारखी होते. मॅच बघायला जातो, तिकीट काढून, मैदानाकडं तोंड करून. अधनंमधनं मान मागं वळते आणि नेमका तेव्हाच गोल होतो. तरी एक गोल मी पुरता बघितला, पायातनं निघून जाळीत जाईपर्यंत. एवढा आनंद झाला की शेजारच्याला मिठी मारली. तो पलीकडच्या तालमीचा निघाला. माझी पांढरी मिशी बघून सोडलं त्यानं.

आता रविवारचं सांगतो.

रोज हौसा आधी उठायची. त्या दिवशी उजाडलं तरी स्टोव्हचा आवाज नाही. मी हाक मारली, "हौसे, पहिली गाडी चुकंल." मग हात लावून बघितलं. डॉक्टर आले, म्हणाले, झोपेतच गेली, त्रास झाला नाही. मी मान हलवली आणि बाहेर आलो.

बाहेर येऊन मी बंदोबस्त लावला.

खरं सांगतो. गल्लीतल्या मोटारसायकली काढायला लावल्या. तालमीची पोरं गल्लीच्या दोन्ही तोंडांना उभी केली. बायकांना बसायला एका बाजूला जागा, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधनं वाट मोकळी. आमची एकुलती लेक मंगल हुपरीला दिलेली. त्यांच्या घरात पैंजणांचं काम चालतं. ती आणि जावई जीपनं आले, त्या जीपला सुद्धा मी हात दाखवून मागं घ्यायला लावलं. आत बायका हौसाला आंघोळ घालत होत्या, नेसवत होत्या. सवाष्ण गेली म्हणून मळवट भरत होत्या. मंगल दारात येऊन म्हणाली, "आप्पा, आत या की. आईला बघा." मी म्हणालो, "आलो, एवढी रिक्षा जाऊ दे."

गल्लीतनं निघालो तेव्हाही मी पुढं, वाट करत.

पंचगंगेच्या काठावर पोचलो. माणूस पुष्कळ जमला होता. पेठेतले, खात्यातले, जुने साहेबलोक. मी फाटकाजवळ उभा राहिलो, तिच्याकडं पाठ करून. "गाड्या पलीकडं लावा. आत गर्दी करू नका. एक-एक जण या." लोक माझं ऐकत होते. मागं सरण रचून झालं. आम्हाला मुलगा नाही, अग्नी मलाच द्यायचा होता. जावई येऊन हळूच म्हणाले, "मामा, थांबलेत सगळे." मी म्हणालो, "आलो. मागची माणसं येऊ देत." थोड्या वेळानं पुन्हा आले. मी पुन्हा तेच म्हणालो. माझे जुने साहेब तिथं होते. त्यांनी मला उभ्या आयुष्यात किती हुकूम दिले, पण त्या दिवशी एकही दिला नाही.

तेवढ्यात फाटकातनं दौलू आला. अंगावर गुलाल, हातावर गुलाल. बिचारा पहाटेपासनं देवळाच्या पायरीवर आमची वाट बघत उभा होता. चौकीतल्या शिपायाला वायरलेसवर कळलं, त्यानं दौलूला सांगितलं, आणि हा मिळेल त्या जीपला लोंबकळत डोंगर उतरला.

"वाईट झालं" वगैरे काही म्हणाला नाही. येऊन माझ्या शेजारी उभा राहिला, माझ्यासारखाच, गर्दीकडं तोंड करून.

"हवालदारसाब, मी हाय हितं. हिकडचं मी बघतो. तुमी फिरा."

मी म्हणालो, "गर्दी लई हाय, दौल्या."

त्यानं सगळ्या माणसांवरनं नजर फिरवली. या टोकापासनं त्या टोकापर्यंत, जुन्या सवयीनं, सावकाश.

"हाय की. पर आज सगळ्यांचीच नजर खाली हाय. ह्यात चोर कोण न्हाय. फिरा."

मी खिशातलं पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. आणि फिरलो.

हिरवं लुगडं होतं. लाल काठाचं. हौसानं रात्री डोंगरावर जायला म्हणून ट्रंकेवर घडी करून ठेवलेलं, तेच मंगलनं नेसवलं होतं. कपाळभर मळवट. मी चालत गेलो, शेजारी उभा राहिलो आणि नीट बघितलं.

"हौसे," मी म्हणालो, "हे चांगलं हाय. हेच नेस."